मुरलेली काच

जतच्या बाजारपेठेत सारिका माळवदेचं चष्म्याचं दुकान होतं. तिथं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न डोळ्यांबद्दल नसायचा. "दिवसभर काय बघता?" असं ती विचारायची आणि माणसं गोंधळायची. एका कापड दुकानदारानं "बायकांकडं" असं उत्तर दिलं होतं आणि मग लाजून "म्हणजे साड्या घ्यायला येणाऱ्या" अशी पुस्ती जोडली होती. त्याला आधी कुणीतरी उन्हासाठी हिरवट काच दिली होती. ती लावून दारात बसला की मोरपंखी साडी तो हिरवी म्हणून दाखवायचा आणि गिऱ्हाइकांशी भांडणं ओढवून घ्यायचा. सारिकानं त्याला करडी काच दिली. करडी काच सगळे रंग सारखेच मंद करते, कुणा एकाची बाजू घेत नाही.

ट्रकवाल्यांना ती तपकिरी काच द्यायची, कारण तपकिरीतून धुरकटपणा कमी होतो आणि रस्ता उठून दिसतो. अर्धशिशी असलेल्या शिक्षिकेला फिकट गुलाबी. गावाच्या पूर्वेला हजारो एकरांचं सौरक्षेत्र आल्यावर तिथल्या कामगारांसाठी तिनं पोलराइज्ड काचा मागवल्या. सपाट पॅनेलवरून उसळणारा प्रकाश बराचसा एकाच पातळीत थरथरत असतो आणि ही काच नेमका तेवढाच अडवते. पण यंत्रांवरचे आकडेही त्याच जातीच्या प्रकाशातून दिसतात, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. चष्मा लावला की मीटर काळं पडायचं. पोरं मान वाकडी करून आकडे वाचायला लागली आणि आठवडाभर साहेबाला वाटत होतं की सगळ्यांच्या माना एकदम आखडल्या. तेव्हापासून सारिकानं नियमच केला. काच कुणालाही देण्याआधी ती स्वतःच्या डोळ्यांवर चढवायची, तीही त्या माणसाच्या कामाच्या जागी जाऊन.

मग 'निवांत' आली आणि हे सगळं एका वर्षात संपलं.

निवांत म्हणजे एकच काच, सगळ्या कामांना, सगळ्या उन्हांना. दोन पातळ पापुद्र्यांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा थर, त्याचे डोळ्यांना न दिसणारे लाखो चौकोन, आणि प्रत्येक चौकोन हवा तेव्हा हव्या त्या रंगाचा प्रकाश कमी करणारा. नाकावरच्या दांडीत दोन कॅमेरे होते, मुगाच्या डाळीएवढे. एक बाहेर बघायचा. दुसरा आत, डोळ्यांच्या बाहुल्यांकडे आणि पापण्यांकडे. डोळा आक्रसला की आतला कॅमेरा ते टिपायचा, त्या क्षणी समोर काय होतं ते बाहेरचा सांगायचा आणि काच तेवढाच भाग मंद करायची. पुढच्या वेळी डोळा आक्रसायच्या आधीच. तीन महिन्यांत काच माणसाला ओळखायला लागायची. सारिका गिऱ्हाइकांना सांगायची, लोणच्यासारखी आहे, मुरू द्या. छटांच्या नमुन्यांचे तिचे खण बंद झाले. गिऱ्हाईक काय बघतं हे आता काच स्वतःच शोधून काढत होती.

पहिल्या खेपेतली एक निवांत तिनं नवऱ्यासाठी ठेवून घेतली. धनाजी सौरक्षेत्रावर पॅनेल धुणाऱ्या तुकडीचा मुकादम होता. अठरा वर्षं त्या चकाकीत काढून त्याचे डोळे इतके हळवे झाले होते की साध्या उन्हानंही घळाघळा वाहायचे. शिवाय उणे चारचा नंबर. निवांतनं त्याला खरोखर सुख दिलं. सावलीत ती आपोआप नितळ व्हायची, त्यामुळं घरातही तो ती काढत नसे. रात्री उशाला ठेवायचा आणि सकाळी उठल्यावर आधी तीच चाचपायचा.

पण घराला सुख लागलं ते वेगळ्याच कारणानं. धनाजी आपल्या मुलीकडे बघायला लागला.

कृत्तिका सोळा वर्षांची होती. बारावं वर्ष लागताना तिच्या उजव्या पापणीवर तांदळाएवढा पांढरा डाग आला आणि वर्षभरात तो गालावर, ओठाच्या कडेला आणि मानेवर पसरला. कोड. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा संसर्ग नाही, शाप नाही, कातडीला रंग देणाऱ्या पेशी शरीरच मारून टाकतं, एवढंच. धनाजीला ते सगळं पटलं. पण त्याची एक आत्या होती, गंगूआत्या. तिलाही कोड होतं. घरातल्या प्रत्येक लग्नात तिला मागच्या खोलीत पुऱ्या लाटायला बसवायचे आणि वऱ्हाड जाईपर्यंत बाहेर येऊ द्यायचे नाहीत. लहानपणी तिचं ताट आत नेऊन द्यायचं काम धनाजीकडं होतं. त्याचा तिच्यावर फार जीव होता. मुलीच्या पापणीवर डाग दिसला त्या दिवशी त्याला ती मागची खोली दिसली आणि त्याची नजर जी खाली गेली ती वर आलीच नाही. तो पोरीला काही कमी करत नव्हता. मिरजेला उजेडाच्या उपचाराला दर आठवड्याला घेऊन जायचा, तिच्यासाठी छत्र्या आणायचा, शाळेत कुणी बोललं तर भांडायला जायचा. फक्त बोलताना तिच्या खांद्याकडं बघायचा. कृत्तिकाला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती जेवायला त्याच्या उजव्या हाताला बसायला लागली, कारण तिचा डावा गाल स्वच्छ होता.

निवांत येऊन तीन-चार महिने झाले असतील. एका दुपारी जेवताना धनाजी तिच्याकडं टक लावून बघत म्हणाला की तुझं नाक अगदी आईवर गेलंय. कृत्तिकानं त्या दिवसात हे सारिकाला तीन वेळा सांगितलं. त्यानंतर ती त्याच्या समोर बसायला लागली. सारिकानं देवापुढं दिवा लावताना मनातल्या मनात हात जोडले. काचेचा आणि याचा काही संबंध असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. चकाकी गेली, डोकं दुखायचं थांबलं, माणूस निवळला, असंच तिनं धरलं.

पुढचं मात्र तिला रुचलं नव्हतं. राज्याच्या हद्दीपलीकडच्या कुण्या वैद्यानं धनाजीला बावचीच्या बियांचं तेल दिलं. डागांवर लावायचं आणि कोवळ्या उन्हात बसायचं. बावचीनं कातडी उन्हाला हावरी होते. तेच औषधी तत्त्व डॉक्टर वापरतात तेव्हा उजेड सेकंदांत मोजून देतात, पण गच्चीवरच्या उन्हाला कसलं माप. धनाजी रोज सकाळी साडेआठला पोरीला गच्चीवर न्यायचा, स्वतःच्या बोटानं तेल लावायचा आणि तिच्याजवळ बसून राहायचा. सारिका तोवर दुकान उघडायला गेलेली असायची. सहा आठवड्यांत त्यानं जाहीर केलं की डाग उतरायला लागले. मिरज बंद केली. पावण्यारावळ्यांना फोन झाले.

सारिका निरखून बघायची. तिला डाग होते तसेच दिसायचे. तिनं तसं म्हटलं तर धनाजी हसला.

"तू रोज बघतीस, तुला फरक कळंना झालाय," तो म्हणाला. "मी चार वर्सांनी बघायलोय. मला दिसतंय."

हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं लोकांची नजर तपासणाऱ्या बाईनं त्या दिवशी स्वतःच्या नजरेवर अविश्वास दाखवला. खरं सांगायचं तर तिला घर हसतं राहायला हवं होतं, म्हणून तिनं तो दाखवला. कृत्तिका घरातही तोंडाला स्कार्फ बांधायला लागली, गालावर गुलाबी लोशनचे थर देऊ लागली, विचारलं तर मुरुमं आलीत म्हणाली. सारिकानं तेही मानलं.

त्या रविवारी चष्म्याचा नाकाजवळचा स्क्रू ढिला झाला. धनाजी अंघोळीला जाताना चष्मा तिच्या हातात देऊन गेला. तिनं खिडकीत बसून स्क्रू आवळला आणि हात धुतल्यासारख्या सवयीनं स्वतःचा चष्मा काढून तो डोळ्यांवर चढवला. दोघांचा नंबर जवळजवळ सारखाच होता, तिचा उणे साडेतीन. समोर अंगणात कृत्तिका केस वाळवत उभी होती. स्कार्फ नव्हता.

तिचा चेहरा अखंड गव्हाळ होता. पापणी, गाल, ओठाची कड, मान, सगळं एका रंगाचं. काही क्षण, खरोखर काही क्षण, सारिकाला वाटलं की तेल लागू पडलं. मग तिनं चष्मा काढला आणि स्वतःचा लावला. डाग जागच्या जागी होते. त्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या आणि पापणीच्या खाली हरभऱ्याएवढा पाणी धरलेला फोड होता. तिनं पुन्हा निवांत लावली. फोड नाही. लाली नाही. डाग नाहीत.

भिंतीवर धनाजीच्या घरच्यांचा एक जुना फोटो होता, कुणाच्या तरी बारशाचा. सारिका त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यात कडेला अर्धवट आलेली गंगूआत्या होती. काचेतून तिचाही चेहरा गव्हाळ दिसत होता.

सगळं तिला एकदम कळलं, आणि ते तिला आधी कळायला हवं होतं. डोळा त्रासला की काच शिकते, हे ती स्वतः हजार गिऱ्हाइकांना सांगत आली होती. पण डोळा का त्रासतो हे काचेला कुठं कळतं? बाहुली उन्हानं आक्रसते आणि पापणी दुःखानंही मिटते, किळसेनंही, लाजेनंही. धनाजी मुलीकडं चोरून बघायचा तेव्हा दर वेळी त्याची पापणी हलत असणार, आणि डाळीएवढ्या त्या दोन कॅमेऱ्यांनी ते इमानदारीनं टिपलं होतं. काचेच्या लेखी कृत्तिकाचे डाग म्हणजे चकाकी होती. त्यातून पांढरी कातडी मंद करून भोवतीच्या रंगात बुडवणं हे त्या यंत्राला अगदी सोपं काम होतं.

ती चष्मा आणि दुकानाची किल्ली घेऊन बाहेर पडली आणि तिथून कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. त्यानं सांगितलं की हा दोष नाही, उलट बऱ्याच लोकांना असा अनुभव येतो आणि त्यांची तक्रार नसते. कुणाला अपघाताची जागा दिसत नाही, कुणाला शेजाऱ्याचा कुत्रा. हवं असेल तर दांडीवरचं बटण दहा सेकंद दाबा, काच सगळं विसरेल. मग त्यानं विचारलं, ग्राहक स्वतः नाराज आहेत का? सारिका म्हणाली, नाही, ते खूश आहेत. तिच्याही नकळत फोन ठेवला गेला.

दहा सेकंद दाबायचं होतं. ती मोकळ्या दुकानात चष्मा घेऊन बसून राहिली. दाबलं की धनाजी पुन्हा खांद्याशी बोलणार. पोरगी पुन्हा त्याच्या उजव्या हाताला बसणार, आणि या वेळी तिला वाटणार की माझ्यातच काही बिघडलं म्हणून बापानं नजर फिरवली. नाही दाबलं तर उद्या साडेआठला पुन्हा तेल. फोड पापणीच्या खाली होता. आज पापणीखाली, उद्या कुठं. तिनं मिरजेच्या डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्यांनी तेल ताबडतोब बंद करायला सांगितलं, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला आणि उद्या सकाळी लवकरात लवकर घेऊन यायला सांगितलं. त्यांच्या आवाजात राग होता आणि तो सारिकाला आपल्यावरचाच वाटला.

बटण न दाबताच ती घरी परतली. आधी कृत्तिकाला धुण्याच्या दगडाशी गाठून तिनं विचारलं की फोड कधीपासून आहे, आणि दुखत असताना तू बोलली का नाहीस. कृत्तिका हातातले कपडे पिळत राहिली.

"पप्पा रोज पंधरा मिनिटं माझ्या तोंडाला हात लावून बसतात, आई," ती म्हणाली. "मग अर्धा तास बसायला लागले. भाजतं थोडं. पण मी काय म्हणून नको म्हणू?"

सारिकानं पोरीच्या गालावर ओली पट्टी ठेवली आणि ती आत गेली.

धनाजी सोप्यात चाचपडत चष्मा शोधत होता. तिनं तो दिला नाही. त्याच्यासमोर बसून, आवाज शक्य तेवढा खाली ठेवून, तिनं सगळं सांगितलं. डाग उतरलेले नाहीत. तुम्ही बघता ते काच दाखवते. काच ते दाखवते कारण तुमची पापणी हलते. धनाजीला आधी हसू आलं, मग राग आला. तू पहिल्यापासून तेलाच्या विरोधात आहेस, तो म्हणाला. मिरजेच्या डॉक्टरणीनं तुझे कान भरलेत. मग त्यानं फोडाची गोष्ट ऐकली. सकाळी मीच तेल लावलं, असं दोनदा पुटपुटला. मला काही दिसलं नाही. मी बोटानं लावलं आणि मला काही दिसलं नाही.

कृत्तिका दारात उभी होती. कधीपासून, ते दोघांनाही माहीत नव्हतं. ती पुढं आली, आईच्या हातातून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि मोरीवरच्या आरशासमोर गेली. पोरीच्या तरण्या डोळ्यांना बापाचा नंबर सहज पेलला. ती आरशात बघत राहिली. एकदा तिनं मान वळवून उजवा गाल पाहिला, चार वर्षांत पहिल्यांदाच, कुणी नव्या चेहऱ्याला बघावं तसा. ओठाची कड बोटानं चाचपली. सारिकाला वाटलं ती रडेल.

"पप्पा हिला बघत होते होय," कृत्तिका म्हणाली.

तिनं चष्मा काढला, घडी घातली आणि आईच्या हातात दिला. तुला हवं ते कर, अशा अर्थानं. सारिकानं बटण दाबलं आणि मनात दहापर्यंत मोजलं. काच एकदा काळी झाली आणि पुन्हा नितळ झाली. त्यात आता काहीच मुरलेलं नव्हतं.

धनाजी उठून अंगणात गेला. भर अकराचं ऊन होतं. चष्म्याशिवाय तो त्या उन्हात तुळशीपाशी उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कृत्तिका त्याच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेली. त्यानं तिच्या दिशेनं तोंड केलं, बघायचा प्रयत्न केला, पण त्याचे डोळे उघडे राहीनात. तो म्हणाला की बघतोय की गं, ऊन लागतंय म्हणून मिटतायत. सारिकाला ते ऐकून त्याचा राग यावा की कीव यावी कळेना. त्याच्यासाठी उन्हाएवढी सोपी जागा लपायला दुसरी नव्हती.

कृत्तिकानं त्याचा हात धरून त्याला आत आणलं, सोप्यातूनही पुढं नेलं आणि स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. तिथली खिडकी उत्तरेकडची होती. ऊन कधीच येत नसे. तिनं दारही लोटून घेतलं.

"इथं ऊन न्हाई," ती म्हणाली. "आता बघा."

"चष्म्याबिगर मला न्हाई गं दिसत," धनाजी म्हणाला. त्याची मान खाली होती.

"वीतभर अंतरावर दिसतं," सारिका दारातून म्हणाली. वीस वर्षं ती लोकांना त्यांच्या डोळ्यांबद्दल खरं तेच सांगत आली होती, आणि इतकं जड तिला कधी गेलं नव्हतं. "उणे चारला वीतभर अंतरावर सगळं स्वच्छ दिसतं."

कृत्तिकानं दुसरा पाट ओढला आणि त्याच्या अगदी पुढ्यात बसली, गुडघ्याला गुडघा लावून. पट्टी काढून बाजूला ठेवली. मग तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं. आता मध्ये काहीही नव्हतं. पांढरी पापणी होती, लाल कडा होत्या, फोड होता, आणि त्या सगळ्याच्या मध्ये पोरीचे दोन डोळे होते, न मिटणारे.

धनाजीनं मान वर केली. त्यानं पाहिलं आणि त्याची पापणी हलली. अगदी थोडी, नवख्या माणसाला कळणारही नाही इतकी. सारिकाला कळली. कृत्तिकालाही कळली. धनाजीला तर ती आतून कळली असणार, कारण त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो हुंदका देऊन बाजूला वळला. पुऱ्यांच्या खोलीत ताट ठेवून पळून येणारा तो पोरगा अजून त्याच्यात होता आणि आता त्याला पळायला दार नव्हतं. तो म्हणाला की माझं चुकलं, मला माफ कर, तू चष्मा दे मला, मी तुला रोज बघीन.

कृत्तिकानं चष्मा दिला नाही. ती रागावलीही नाही. तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं, तो गच्चीवर तिचं वळवायचा तसंच, आणि त्याचे डोळे पुसायला पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक वापरलं.

त्यानं पुन्हा पाहिलं. पापणी पुन्हा हलली.

"परत," कृत्तिका म्हणाली.